कानशिलं ठणकतात? आधी कारण बघा, मग गोळी घ्या



कपाशीची पाने लाल पडू लागली की तुम्ही चार पाने खुडून आमच्यासारख्यांकडे घेऊन येता आणि विचारता, "सायेब, काय मारावं?" आम्ही लगेच औषधाचे नाव सांगत नाही. आधी विचारतो, रानात पाणी साचले होते का? रात्री थंडी वाढली आहे का? पानाच्या खालच्या बाजूला तुडतुडे आहेत का? खत काय दिले होते, मॅग्नेशियमची कमतरता तर नाही? पान एकाच तऱ्हेने लाल दिसले तरी कारणे चार असतात, आणि कारण न बघता फवारा मारला तर पैसाही जातो आणि पीकही जाते.

कानशिलाच्या दुखण्याचे अगदी असेच आहे. "कानशिलं लय ठणकायलीत" हे वाक्य बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात, कोणत्याही ओट्यावर ऐकू येते. त्यावर आपला उपाय मात्र एकच. किराणा दुकानातून एक गोळी आणायची, चहाबरोबर घ्यायची, डोक्याला फडके आवळायचे आणि कामाला लागायचे. मी डॉक्टर नाही, शेतीखात्याचा माणूस आहे. पण तीस वर्षे बांधावर फिरताना हे दुखणे फार पाहिले. माझ्या स्वतःच्या घरात त्याच्याकडे दुर्लक्ष झाले आणि त्याची किंमत मोठी पडली. तो प्रसंग पुढे सांगणारच आहे. त्यानंतर डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

कानशिलात असते तरी काय?

डोळ्याची कड आणि कान यांच्या मधला सपाट भाग म्हणजे कानशील. आयुर्वेदात याला 'शंख' म्हणतात आणि मर्मस्थानांत त्याची गणना करतात. येथले कवटीचे हाड इतर ठिकाणांपेक्षा पातळ असते. म्हणून भांडणात किंवा बैलाच्या शिंगाने कानशिलावर बसलेला मार वाईट.

आता दोन बोटे कानशिलावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटाखाली काहीतरी फुगलेले लागेल. तो चावण्याचा स्नायू. पंख्यासारखा पसरलेला हा स्नायू खाली जबड्याला जोडलेला असतो. कानाच्या थोडे पुढे बोट ठेवले तर नाडी उडताना लागते. ती डोक्याच्या कातडीला रक्त पुरवणारी शीर. याशिवाय दात, डोळे आणि मान यांचे दुखणेही येथपर्यंत येऊन पोचते. विहीर एका जागी आणि पाझर दुसऱ्या जागी, असे हे आहे. म्हणून कानशील दुखते म्हणजे रोग कानशिलातच आहे, असे समजू नका.

ऊन, उपास आणि तहान

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारे कारण हेच. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून हजारो जोडपी कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, लेकराचे आवरते आणि फडात उतरते. पोटात असतो फक्त कपभर चहा. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर उसाची मोळी. फडाजवळ आडोसा नाही म्हणून ती पाणीही मुद्दाम कमी पिते. दुपारी बारा वाजता तिची कानशिले ठणकू लागली तर नवल ते काय? वैशाखात पऱ्हाट्या वेचणारी किंवा नांगरट करणारी माणसे घरी राहिली तरी त्यांचीही तीच गत.

याला गोळी हा उपाय नाही. याला पाणी, सावली आणि घास हा उपाय आहे. कामाला जाण्यापूर्वी अर्धी भाकरी तरी खा. तहान लागण्याची वाट न बघता तासातासाला पाणी प्या. खूप घाम गेला असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्या. मोळी उचलताना मान वाकडी करू नका आणि चुंबळ जाड व मऊ ठेवा. मानेचे स्नायू आखडले की त्यांची ओढ कानशिलापर्यंत येते.

चहाबद्दलही दोन शब्द. दिवसात आठ-दहा कप चहा घेणाऱ्याला एक दिवस चहा मिळाला नाही की डोके उठते. एकादशीला कानशिले ठणकण्याचे एक कारण हेही असते. चहा कमी करायचा तर एकदम बंद न करता रोज एक-एक कप कमी करा.

उन्हात काम करणारा माणूस डोके दुखते म्हणता म्हणता बरळू लागला, त्याचे अंग तापून लाल झाले किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

थंडीत आणखी एक गोष्ट. कोपीत किंवा बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपू नका. सकाळी घरातल्या सगळ्यांचीच डोकी जड झाली, मळमळले, तर तो कोंडलेल्या विषारी वायूचा परिणाम असतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि झोपेतच माणूस जातो.

फवारणीनंतर दुखले तर

हे माझ्या खात्याचे काम, म्हणून जरा कान देऊन ऐका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, एकात एक मिसळलेली औषधे आणि उघडे अंग असे सगळे एकत्र आले होते. कपाशी आपल्याही जिल्ह्यात आहे. गेवराई, माजलगावच्या रानांत ती डोक्याला लागते.

फवारणीच्या विषबाधेची सुरुवात बहुतेक वेळा साध्या डोकेदुखीने होते. कानशिले दाबल्यासारखी वाटतात, चक्कर येते, मळमळते. गडी म्हणतो, "ऊन लागलं असंल, एवढा पंप संपवून येतो." तेथेच घात होतो. पुढे तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येते, नजर अंधुक होते, स्नायू फडफडतात आणि श्वास लागतो.

म्हणून फवारताना डोके दुखू लागले की पंप तेथेच उतरवा. वाऱ्याच्या बाजूने बाहेर या. कपडे काढून साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. त्रास वाढण्याची वाट न बघता दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्या. डॉक्टरला विषाचे नाव कळले तर उतारा लवकर देता येतो. दूध, तेल, लिंबू काही पाजू नका. वेदनेची गोळी देऊन झोपवू तर मुळीच नका.

लेबलावरचा त्रिकोण बघायची सवय लावा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे. नोझल तोंडाने फुंकू नका, दोन-तीन औषधे मनाने मिसळू नका, भर उन्हात फवारू नका. आणि भगिनींनो, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका. पंपात पाणी ओतणाऱ्या आणि ते कपडे धुणाऱ्या बाईलाही विष लागते.

अर्धशिशी

एकाच बाजूचे कानशील घणाने ठोकल्यासारखे उडते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, मळमळते, उलटी होते, आणि हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. मग माणूस पुन्हा चांगला. ही अर्धशिशी. बायकांमध्ये ती जास्त दिसते, पाळीच्या सुमारास उसळते आणि पुष्कळदा आईकडून लेकीकडे येते. काहींना दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा किंवा काजवे दिसतात.

घरातली सून महिन्यातून दोनदा अंधार करून पडून राहते, तेव्हा सासूबाई म्हणतात, "कामाचा कंटाळा." शेजारीण म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते बाहेरचे आहे. मीठ-मोहरी ओवाळून टाकली तर कोणाचे बिघडत नाही, पण डागणे, नाकात कसले रस पिळणे असले अघोरी प्रकार करू नका. अर्धशिशी हा खरा आजार आहे. तिला शांत, अंधारी जागा द्या, कपाळावर गार पाण्याची घडी ठेवा आणि दुखणे सुरू होताच डॉक्टरांनी सांगितलेली गोळी द्या. दुखणे पुरते चढल्यावर गोळी फारशी लागू पडत नाही. वारंवार होत असेल तर ते येऊच नये म्हणूनही औषधे मिळतात. जागरण, उपाशी राहणे आणि कडक ऊन ही तिला बोलावणी आहेत, ती टाळा.

डोळे, दात, काळजी आणि रक्तदाब

चाळिशी ओलांडल्यावर सुईत दोरा ओवता येईना, सातबारा हात लांब करून वाचावा लागतो आणि संध्याकाळी कानशिले जड होतात, तर डोळे तपासून चष्मा घ्या. चष्म्याला लाजू नका.

किडलेली दाढ, मिश्रीने खराब झालेल्या हिरड्या, झोपेत दात खाण्याची सवय, यांचीही कळ कानशिलात जाते. पहाटे उठल्यावर जबडा आंबलेला वाटतो का, ते बघा.

दोन्ही कानशिले कोणी पट्ट्याने आवळल्यासारखी वाटतात, पण उलटी नाही, ठोके नाहीत, तर ते बहुधा ताणाचे दुखणे. कर्जाचा हप्ता, मुकादमाची उचल, पावसाची ओढ, पोरीचे लग्न, रात्री झोप नाही. डोक्यात काळजी आणि मानेत ताण. मान-खांद्यांना गरम पाण्याचा शेक, हलके मालीश आणि झोप यांनी उतार पडतो. आणि मनातले कोणाजवळ तरी बोला. आपल्या भागाने न बोलणारी माणसे फार गमावली आहेत.

"डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं" हा समज मात्र अर्धवट आहे. रक्तदाब बहुतेक वेळा काहीही न दुखवता वाढलेला असतो. फार चढला तरच डोके दुखते. म्हणून डोके दुखो वा न दुखो, तिशीनंतर वर्षातून एकदा तरी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्या.

गोळीचा फास

साध्या दुखण्याला मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, काही खाऊन घेतली तर हरकत नाही. दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर ठेवा आणि दिवसात चारच्या वर जाऊ नका. यकृताचा आजार असणाऱ्याने आणि रोज दारू घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

पण महिन्यात दहा-पंधरा दिवस गोळ्या पडू लागल्या तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते. सकाळी दुखते म्हणून गोळी, गोळी उतरली म्हणून पुन्हा दुखणे. त्यातही अंगदुखीच्या कडक गोळ्या उपाशीपोटी आणि कमी पाण्यावर रोज घेतल्या तर जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडे खराब होतात. फडात राबणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एकाच तणनाशकाने काही वर्षांत तण मरेनासे होते, तसे होईपर्यंत थांबू नका.

पन्नाशीनंतर नवे दुखणे: माझ्या घरातला प्रसंग

आता सांगतो. माझी माय तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. जन्मभर तिचे डोके कधी दुखले नव्हते. त्या वर्षी पावसाळा संपता संपता तिचे उजवे कानशील दुखू लागले. आम्ही सुंठ उगाळून लावली, बाम चोळला. ती म्हणायची, "फणी लागली तरी झोंबतंय रे." वेणी घालू देईना. मग तिने भाकरी खाणे सोडले, दुधात कुस्करून खाऊ लागली. चार घास चावले की जबडा भरून येतो म्हणायची. आम्ही म्हणालो, दात गेले. सकाळी तिचे खांदे आखडत, हात वर जात नसत. आम्ही म्हणालो, वय झाले.

एके सकाळी ती म्हणाली, "डोळ्यापुढं पडदा आला अन् गेला." मी पंचनाम्यांच्या गडबडीत होतो. म्हणालो, "माय, मोतीबिंदू असंल. सुगी झाली की दाखवू." दोन दिवसांनी ती उठली तेव्हा उजवा डोळा पूर्ण गेला होता.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या कानशिलावर बोट ठेवले. शीर दोरीसारखी टणक झाली होती आणि हात लावू देत नव्हती. रक्ताची तपासणी झाली, शिरेचा लहानसा तुकडा काढून तपासला. कानशिलातल्या शिरेला सूज येण्याचा हा आजार. तीच सूज डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या शिरांत गेली की डोळा कायमचा जातो. स्टेरॉइडची औषधे त्याच दिवशी सुरू झाली. डावा डोळा वाचला. उजवा परत आला नाही. "पडदा येऊन गेला त्याच दिवशी आणलं असतं, तर दोन्ही राहिले असते," एवढेच डॉक्टर म्हणाले.

हा आजार आपल्याकडे क्वचित दिसतो आणि तोही पन्नाशीच्या पुढे. पण तो काही आजचा नाही. १८९० साली लंडनच्या हचिन्सन नावाच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याची हकीकत लिहून ठेवली आहे. कानशिलाच्या शिरा इतक्या दुखत की त्याला डोक्यावर टोपी घालवत नसे. त्यांच्या काळी यावर औषध नव्हते. आज आहे, वेळेवर घेतले तर डोळा वाचतो, आणि तरी माझ्या मायचा गेला. पानाची खालची बाजू बघा, असे मी गावोगाव सांगत फिरलो आणि घरात मायच्या कानशिलावर एकदा बोट ठेवून बघितले नाही.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे कानशील नव्याने दुखू लागले तर तीन प्रश्न विचारा. फणी लागल्यावर झोंबते का? चावताना जबडा भरून येतो का? नजरेपुढे अंधारी किंवा पडदा येतो का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. नजरेला काही झाले असेल तर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असा मोठा दवाखानाच गाठा. स्टेरॉइड सुरू झाले तर ते मनाने बंद करू नका.

थांबू नये अशी लक्षणे

पुढीलपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा.

१. वीज कोसळावी तसे एकदम उठलेले, आयुष्यात कधी झाले नव्हते असे दुखणे.
२. तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे.
३. तापाबरोबर मान ताठणे, गुंगी येणे, झटके येणे.
४. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे आणि उलट्या.
५. पाच महिन्यांपुढच्या गरोदर बाईचे किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचे डोके दुखून नजर अंधुक होणे, तोंडावर-हातावर सूज येणे.
६. डोळा लाल होऊन ठणकणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, उलटी होणे.
७. फवारणीनंतरचे दुखणे आणि नजरेसमोर पडदा येण्याबद्दल वर सांगितलेच आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब लिहितो. तेथेच, ज्या दिवशी डोके दुखले त्या तारखेला खूण करा. किती वाजता दुखले, कोणती बाजू, त्याआधी काय खाल्ले होते, कोणते काम केले, कोणती गोळी घेतली, एवढे पोरांकडून लिहवून घ्या. महिन्याने ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. तुम्ही आणलेल्या पानावरून मला रोग ओळखायला जशी मदत होते, तशीच त्यांना या पानाने होईल.

माझी माय आता ऐंशीच्या घरात आहे. एका डोळ्याने तांदूळ निवडते. कोणी डोके दुखते म्हणाले की आधी त्याला जवळ बोलावते आणि कानशिलावर बोट ठेवून बघते. तुम्हीही आज आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि ते तीन प्रश्न विचारा.